मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय? सही करायच्या आधी काय बघायचं, काय विचारायचं, काय आवरून ठेवायचं

आईच्या कमरेचं ऑपरेशन होऊन आता दोन वर्षं झाली. त्याच्या आधीचे चार महिने मी तिची फाईल घेऊन पुण्यात दवाखान्यांच्या चकरा मारत होते, आणि नेमकं त्याच वेळी तिकडे सांगलीत माझ्या भावाची गादी सरकलेली. एकाच घरात दोन एमआरआय, दोन्हीवर नस दबलीये असंच लिहिलेलं, पण आईला ऑपरेशन लागलं आणि भावाला लागलं नाही, तो दहा आठवड्यांत हळूहळू आपला आपला बरा झाला. तेव्हापासून नात्यातलं कुणी ना कुणी फोन करतंच, ताई, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, काय करू? मी डॉक्टर नाहीये, करा किंवा नका करू हे मी सांगणार नाही. पण सही करायच्या आधी पेशंटला आणि घरच्यांना काय माहीत पाहिजे ते मला आता नीट माहितीये, आणि तेव्हा ते कुणी एका जागी सांगितलं असतं तर आमची बरीच रडारड वाचली असती, म्हणून लिहितेय. मोठं झालंय. घाई असेल तर पहिला भाग तरी वाचाच.

सगळ्यात आधी: तुमच्याकडे थांबायला वेळ आहे का?

मणक्याची बहुतेक दुखणी थांबू शकतात, काही मात्र अजिबात थांबत नाहीत. लघवी तुंबली, किंवा होतेय ते कळतच नाही, संडासवर ताबा राहिला नाही, बसायचा भाग म्हणजे मांड्यांची आतली बाजू आणि गुदद्वाराच्या आजूबाजूची जागा बधिर पडली, दोन्ही पायांतली ताकद भराभर जायला लागली, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. याला कॉडा इक्वायना म्हणतात, कमरेतला नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असतो, आणि इथे तास मोजायचे असतात, उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा मागे लागू शकतो. आपल्याकडे वयस्कर बायका हे घरात बोलतच नाहीत. तेव्हा आईला, सासूबाईंना तुम्हीच बाजूला घेऊन विचारा, लघवी नीट होतेय ना, धुताना स्पर्श कळतोय ना. लाज वाटली तरी विचारा.

दुसरं, पाऊल लुळं पडणं. टाचेवर उभं राहून चार पावलं चालता येतंय का बघा, एका बाजूचा पंजा वर उचलतच नसेल तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

तिसरं मानेचं, आणि हे खूप लोकांच्या लक्षात येत नाही कारण मान दुखतच असते असं नाही. ब्लाउजची हुकं लावता येईनात, शर्टाची बटणं जमेनात, भाकरी थापताना हात नेहमीसारखा फिरत नाही, अक्षर बिघडलं, पायातली चप्पल निसटून गेली तरी कळत नाही, चालताना तोल जातो. मानेत मज्जारज्जू दबत असेल तर असं होतं, आणि तिथे ऑपरेशन बऱ्याचदा ‘आहे त्याहून बिघडू नये’ यासाठी असतं. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून तिथे सहा-सहा महिने मलमं चोळत बसू नका.

आणि एक, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं, भूक जाणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी काही कमी नाही. तो वेळेत सापडला तर बहुतेकांचा गोळ्यांनीच बरा होतो, कोर्स लांबलचक असतो आणि एकही दिवस चुकवायचा नसतो, ऑपरेशन लागतं ते ताकद जायला लागली किंवा मणका ढासळून पोक यायला लागलं तर. आधी कधी कॅन्सर झाला असेल आणि आता पाठ दुखायला लागली तर तेही पहिल्याच भेटीत सांगून टाका.

यातलं काहीच नसेल तर सुटकेचा श्वास घ्या. तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे.

एमआरआयचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. खरं तर होतं उलटं, दोन मणक्यांमधली गादी वाळून बसते आणि जागा कमी होते. वयाप्रमाणे केस पांढरे होतात तसंच हे. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात पाठीचा काहीही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनची माहिती एकत्र केलेली, तर पन्नाशीतल्या ठणठणीत माणसांपैकी साधारण ६० टक्के लोकांच्या गादीला फुगवटा दिसला आणि ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे रिपोर्टवर डिस्क बल्ज, डिजनरेशन असले शब्द बघून घाबरायचं कारण नाही. बघायचं हे की स्कॅनमध्ये जी नस दबलेली दिसतेय तीच नस तुमच्या दुखण्याच्या जागेशी जुळते का. उजवीकडची नस दबलीये आणि दुखतोय डावा पाय, तर ऑपरेशन कशाचं करणार?

म्हणून नुसता रिपोर्टचा कागद वाचून ऑपरेशन ठरवणाऱ्यापेक्षा जो डॉक्टर आधी चपला काढायला लावतो, पाय उचलून बघतो, गुडघ्यावर हातोडी मारतो, अंगठा वर दाबून ताकद बघतो, त्याच्यावर माझा जास्त विश्वास.

ते एक वाक्य लिहून घ्या

या सगळ्या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आईला दोन त्रास होते. पाठ तर तिची वीस वर्षं दुखत होती, हंडे वाहून, शेतात वाकून. पण आम्ही धावपळ सुरू केली ती पायामुळे. घरापासून भाजी मंडई दहा मिनिटांची वाट, ती तीन ठिकाणी बसायची, आधी औषधाच्या दुकानाची पायरी, मग बँकेचा कट्टा, मग रसवंतीचं बाकडं. चालायला लागली की डाव्या पायात गोळे येऊन पाय शिशासारखा जड व्हायचा, दोन मिनिटं बसली की परत मोकळा. आणि गंमत म्हणजे मंडईत पोचल्यावर ती हातगाडीवर पुढे रेलून अर्धा तास भाव करत उभी राहायची, तेव्हा काही व्हायचं नाही. नंतर कळलं की मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली की असंच होतं, पुढे वाकलं की ती वाट थोडी उघडते म्हणून बरं वाटतं. तिचा एल४ मणका (कमरेतला चौथा) एल५ वर (त्याच्या खालच्या पाचव्यावर) थोडा पुढे घसरलेला होता आणि तिथे नसा आवळल्या गेलेल्या.

ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी ती कॉरिडॉरच्या टोकापर्यंत न थांबता चालली, पायात काही नाही. आम्ही खूश. आणि तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती रडायला लागली, एवढं सगळं केलं, पैसे घातले, तरी माझी पाठ तशीच दुखतेय, काहीतरी चुकलंय. फॉलोअपला सर्जन म्हणाले, अहो ऑपरेशन पायासाठी होतं, पाठीची खात्री आम्ही कधीच देत नाही. खरं असेल. पण आधी हे कुणी आम्हाला स्पष्ट सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं, आई मात्र मनात धरून बसलेली की आता पाठ जाणार. ती नाराजी तिच्या मनातून जायला ऑपरेशनच्या जखमेपेक्षा जास्त दिवस लागले.

तर हे करा. वही न्या आणि सर्जनना म्हणा, डॉक्टर, एका वाक्यात लिहून द्या, हे ऑपरेशन कुठला त्रास जावा म्हणून आहे आणि कुठला राहू शकतो. मावशीच्या वेळी मी हेच केलं, त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या: उजव्या पायातली कळ कमी व्हावी म्हणून एल५-एस१ ची (कमरेतली सगळ्यात खालची) डिस्क काढणार, बधिरपणा जायला महिने लागतील, थोडा राहूही शकतो, पाठदुखीची खात्री नाही. मावशीने ते रात्री तीनदा वाचलं आणि मग सही केली. नस दबून पायात किंवा हातात जाणारी कळ, याला ऑपरेशनचा फायदा चांगला होतो. नुसत्या पाठदुखीला, जिथे नस कुठेच दबलेली नाही, मणका हलत नाही, तिथे फायदा फार बेभरवशाचा असतो. तिथे कुणी पटकन स्क्रू टाकू म्हणालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

थांबायचं ठरलं तर कसं थांबायचं

भावाची गोष्ट. वय ३४, एसटीत नोकरी, एका सकाळी टपावरचं सामान उतरवताना कळ आली ती कमरेपासून थेट पोटरीपर्यंत. ताकद शाबूत, लघवी व्यवस्थित. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन दिवस पडून राहा, तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चाला म्हणाले. (अंथरुणाला खिळून राहणं आता कुणी सांगत नाही, त्याने स्नायू आणखी ढिले पडतात.) सरकलेल्या गादीचा तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच फरक पडतो.

२००७ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला होता, सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या कळेच्या, २८३ पेशंटचा. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी थांबा, लागलं तर करू. लवकर ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, यात शंका नाही. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत बरे झालेल्यांचं प्रमाण सारखंच होतं, ९५ टक्के. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र मध्येच ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे दोन्ही रस्ते खरे आहेत, तुम्हाला किती सहन होतंय, रजा किती आहे, घर कोणावर चालतंय, यावरही निर्णय असतो आणि तो तुमचा असतो.

मध्ये एक पायरी असते, मणक्यातलं इंजेक्शन. नसेच्या मुळाशी स्टिरॉइड सोडतात. काहींना आठवडे-महिने आराम पडतो, काहींना काहीच नाही, आणि त्यातून नेमकी कुठली नस त्रास देतेय हेही कळायला मदत होते. डायबेटिस असेल तर पुढचे काही दिवस शुगर वर जाते, मोजत राहा.

आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात. आईनेही घेतला होता, नुसता पाय टेकवला तर काही बिघडत नाही आणि तिच्या मनाला बरं वाटलं. पण कंबर मोडून देणारे, मानेला झटका देणारे, पाठीवर उभे राहणारे, यांच्याकडे नस दबलेली असताना जाऊ नका, हात जोडून सांगते.

कुठलं ऑपरेशन म्हणतायत ते नावाने समजून घ्या

‘मणक्याचं ऑपरेशन’ हे एक ऑपरेशन नाहीये. गादीचा बाहेर आलेला तेवढाच तुकडा काढणं म्हणजे डिसेक्टमी, हल्ली मायक्रोस्कोप किंवा दुर्बिणीतून, छोटी चीर, बऱ्याचदा एक-दोन दिवसांत घरी. नसांची वाट मोकळी करायला मागचं हाड कापणं म्हणजे लॅमिनेक्टमी किंवा डिकम्प्रेशन. आणि मणके एकमेकांना जोडून टाकणं म्हणजे फ्यूजन, यात टायटॅनियमचे स्क्रू, सळ्या आणि बहुतेकदा मध्ये पिंजऱ्यासारखा तुकडा बसवतात. मानेचं बऱ्याचदा गळ्याच्या बाजूने, समोरून करतात, त्यानंतर काही दिवस गिळायला त्रास, आवाज बसणं होऊ शकतं.

फ्यूजन सांगितलं असेल तर हा प्रश्न विचाराच: नुसतं मोकळं करून भागणार नाही का, स्क्रू का लागतायत? याला चांगलं उत्तर असू शकतं, आईचा मणका घसरत होता, नुसतं हाड कापलं असतं तर आणखी घसरला असता, आणि सर्जननी ते पुढे वाकून-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेवर दाखवलं. पण उत्तर मिळालं पाहिजे. कारण जोडलेला मणका हलत नाही, त्याचा भार वरच्या-खालच्या मणक्यावर येतो आणि काही वर्षांनी तिथे त्रास सुरू होऊ शकतो. ‘लेझर’ आणि ‘बिनटाक्याचं’ अशा जाहिरातींना भुलू नका, चीर किती लहान यापेक्षा नस नीट मोकळी झाली का हे महत्त्वाचं.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवणं म्हणजे पहिल्याचा अपमान नाही

आमच्या घरात यावर वाद झाला होता, बाबा म्हणाले डॉक्टरांना काय वाटेल. काही वाटत नाही. इमर्जन्सी नसेल तर दुसरं मत घ्याच, शक्यतो दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या माणसाचं. मणक्याची ऑपरेशनं ऑर्थोपेडिकवाले पण करतात आणि न्यूरोसर्जन पण, दोघंही चालतात, बघायचं ते हे की त्यांचं रोजचं काम मणक्याचंच आहे का. जाताना रिपोर्ट नाही, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी न्या. आणि पहिल्याने काय सांगितलं ते लगेच बोलू नका, आधी त्यांना त्यांचं बोलू द्या.

मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांतही ही ऑपरेशनं रोज होतात, मुंबईत केईएम, सायन, जेजे, पुण्यात ससून. गर्दी आहे, नंबर लागतो, पण अनुभव दांडगा असतो.

मी वहीत लिहून नेलेले प्रश्न जसेच्या तसे देते:

– ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांनी काय होईल?
– हे नेमकं ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता, आणि माझं तुम्ही स्वतः करणार का?
– माझ्या आईला, तिची शुगर आणि वय धरून, जास्तीचा धोका कशाचा?
– ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवणारं मशीन लावणार का, गरज आहे का?
– आयसीयू, रक्त लागेल का?
– काही बिघडलं तर रात्री फोन कोण उचलणार?

धोके विचारताना घाबरू नका, सांगताना टाळाटाळ करणारा डॉक्टर मात्र मला पटत नाही. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नसेला इजा, नसांभोवतीचं आवरण फाटून पाणी गळणं, पायात रक्ताची गुठळी, तीच गादी परत सरकणं, फ्यूजनमध्ये हाड न जुळणं किंवा स्क्रू ढिला होणं, भुलीचे धोके. पायाला लकवा मारण्याची भीती सगळ्यांनाच असते. कमरेच्या साध्या ऑपरेशनमध्ये ती शक्यता फार कमी असते, मानेच्या आणि छातीच्या भागात जास्त जपावं लागतं. कन्सेंट फॉर्म, म्हणजे सही करायचं संमतीपत्र, आदल्या दिवशीच मागून घ्या, मराठीत असेल तर मराठीतला, आणि स्ट्रेचरवर पेशंट असताना घाईत सही करायची वेळ येऊ देऊ नका.

पैशाचं आधी, मग तारीख

लेखी एस्टिमेट घ्या आणि त्यात इम्प्लांटचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, फ्यूजनमध्ये बिल फुगतं ते तिथेच. इम्प्लांटचे स्टिकर नंतर फाईलमध्ये लावून मिळतात, ते जपून ठेवा.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वेटिंग पिरियड, बऱ्याच पॉलिसींमध्ये गादी सरकणं आणि मणक्याच्या आजारांना पहिली दोन वर्षं क्लेम मिळत नाही, अपघात असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे रूमच्या भाड्याची मर्यादा. तुम्ही हक्काच्या रकमेपेक्षा महागडी रूम घेतलीत तर नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी, ओटी चार्जेस यातूनही त्या प्रमाणात कापतात. आमच्या शेजाऱ्यांना हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

मेडिक्लेम नसेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन जा आणि तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का ते आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही. तसंच धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, तो काढायलाच आठवडा जातो.

महिनाभर आधी: तंबाखू, शुगर, गोळ्या

तंबाखू. सिगरेट-बिडी तर आहेच, पण आपल्याकडे डॉक्टर ‘स्मोकिंग करता का’ विचारतात आणि बाई नाही म्हणते, कारण ती मिशरी लावते. मिशरी, गुटखा, मळलेली तंबाखू, सगळ्यात निकोटीन आहे, आणि निकोटीनने रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला उशीर लागतो, फ्यूजनमध्ये हाड जुळत नाही. निदान चार ते सहा आठवडे आधी बंद आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंद. आईची चाळीस वर्षांची मिशरी होती. पहिला आठवडा तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, संडास साफ व्हायची नाही, आम्ही बडीशेप आणि भाजलेल्या ओव्याची डबी हातात ठेवली आणि जुनी मिशरीची डबी तिनेच स्वतः टाकून दिली.

शुगर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी टेस्ट करून घ्या. आठच्या वर असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि तातडी नसेल तर थांबणंच शहाणपणाचं.

गोळ्या. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून भुलीच्या डॉक्टरांपुढे ओता, नावं आठवायच्या भानगडीत पडू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण पाच-सात दिवस आधी थांबवतात, पण हार्टमध्ये स्टेंट असेल तर हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करायचं नाही, स्वतःच्या मनाने तर नाहीच. डायबेटिसच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद करतात, काही त्या दिवशी सकाळी. आयुर्वेदिक काढे, गावठी चूर्णं, फिश ऑइलच्या गोळ्या, तेही सांगा, कुणी रागवत नाही. दातांची कवळी, हलणारे दात, दमा, झोपेत घोरणं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, हे सगळं भुलीच्या डॉक्टरांचं आहे. दात किडलेला असेल, लघवीचा इन्फेक्शन असेल, पायाला जखम असेल तर ते आधी बरं करा.

घर आधी लावून ठेवा

हे नंतर करू म्हणाल तर होणार नाही. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, निदान पहिले सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही. जमिनीवरची गादी चालणार नाही, गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग पाहिजे. रोज लागणारी भांडी, डबे, देवाची ताटली, सगळं कमरेच्या उंचीवर. बाथरूममध्ये घसरणार नाही अशी चटई आणि धरायला दांडा. चप्पल मागून पट्टा असलेली.

आणि एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच शिकून ठेवा, पलंगावरून उठायची. सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, मग खांदा, कंबर, गुडघे सगळं एकदम, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं कुशीवर वळायचं, मग पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपराने आणि हाताने स्वतःला वर ढकलायचं. आम्ही आईकडून आठवडाभर रोज सकाळी हे करून घेतलं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली तर आई तिला म्हणाली, सरका, मला येतंय.

आदला दिवस आणि ती सकाळ

जड जेवण ऑपरेशनच्या आठ तास आधी बंद, हलकं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुमच्या भुलीच्या डॉक्टरांनी जी वेळ दिलीये तीच पाळा. दुधाचा चहा हा पाण्यात धरायचा नाही, तो खाण्यातच जातो, पहाटे घोटभर चहा प्यायला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं मी शेजारच्या बेडवर पाहिलंय. पाठ घरी दाढीच्या ब्लेडने साफ करू नका, बारीक कापलं तर तिथूनच इन्फेक्शन होतं, हॉस्पिटलवाले करतील.

दागिने सगळे काढावे लागतात कारण रक्तवाहिन्या जाळून बंद करायला विजेचं उपकरण वापरतात, धातूजवळ चटका बसू शकतो. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, बोटात रुतलेली अंगठी. सकाळी सहाला नर्सने आईला बांगड्या काढायला सांगितलं आणि तिचा चेहराच उतरला, बाबा बाहेर उभे, ती म्हणे बांगड्या कशा काढू. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मावशीच्या वेळी आम्ही आदल्या दिवशी घरीच, तिच्या जावेच्या हाताने, देवापुढे बसून काढल्या आणि मनगटाला हळदीचा दोरा बांधला, तो नर्सने राहू दिला. हे लहान वाटेल, पण बाई शांत मनाने आत गेली.

कमरेचं ऑपरेशन पालथं झोपवून करतात, त्यामुळे बाहेर आणल्यावर तोंड, डोळे सुजलेले दिसतात, घाबरू नका, उतरतं.

नंतर कशाची वाट बघायची

कळ आधी जाते, ताकद नंतर येते, बधिरपणा आणि मुंग्या सगळ्यात शेवटी, त्याला महिने लागतात. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच दिवशी उभं करतात, चालायचंच, थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा. दुखायच्या गोळ्यांनी संडास घट्ट होते आणि कुंथणं वाईट, त्यामुळे इसबगोल किंवा डॉक्टर देतील ते पहिल्या दिवसापासून. वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद, पाण्याची कळशी नाही, नातू नाही, सिलिंडर तर नाहीच. टू-व्हीलर आणि लांबचा एसटी प्रवास डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. फ्यूजनमध्ये हाड नीट जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, वरून टाके वाळले म्हणजे आतलं झालं असं नाही. पट्टा सांगितला तितकेच दिवस लावा, आयुष्यभर लावून ठेवलात तर पाठीचे स्नायू कामच विसरतात.

फ्रीजवर मी एक कागद चिकटवला होता, वर सर्जनच्या असिस्टंटचा नंबर आणि खाली एवढंच: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, बसलं की डोकं फुटतंय आणि आडवं झालं की थांबतंय, एक पोटरी सुजून दुखतेय, पायात नवीन कमजोरी, लघवी अडली, तर लगेच फोन. छातीत दुखलं, दम लागला तर फोन न करता थेट हॉस्पिटल. आईच्या नवव्या दिवशी पट्टी ओली दिसली, रात्रीचे साडेदहा वाजलेले, बाबा म्हणत होते सकाळी बघू, घामाने झाली असेल. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून फोन केला. असिस्टंट म्हणाले फोटो पाठवा, मग म्हणाले आत्ताच घेऊन या. एक टाका उसवला होता, त्यांनी तिथेच साफ करून परत घातला आणि बारा वाजता आम्ही घरी आलो.